जोडलेला कोपरा

दोधू आप्पांच्या हातात लग्नपत्रिका दिली की ते आधी तारीख बघत नाहीत, मुलामुलीची नावंही बघत नाहीत. पत्रिका उजेडाकडे धरतात आणि दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहतात. एका बाजूने ती सहज वाकते, दुसऱ्या बाजूने अडते. "उभा शे," ते म्हणतात, नाहीतर "आडवा." पत्रिका घेऊन आलेला माणूस जेवणाचं आमंत्रण तोंडातल्या तोंडात धरून उभा राहतो.

आतून आप्पांच्या बायकोचा, छबूबाईंचा आवाज येतो, "ओ, तेले पाणी तं इचारा! कागद काय पयी जाई ऱ्हायना का?"

कागद पळून जात नाही हे खरं, पण तो हलतो. ओला झाला की वाढतो, सुकला की आखडतो, आणि कोणत्या बाजूने वाढायचं हे तो तयार होतानाच ठरलेलं असतं. वर्तमानपत्राचं पान वरून खाली फाडा, सरळ फाटतं. आडवं फाडा, वेडंवाकडं जातं. घडी घालायची ती या सरळ फाटणाऱ्या, उभ्या धारेनेच घालायची, म्हणजे कागद कुरकुरत नाही. ही गोष्ट आप्पांना कुणी शिकवली नाही.

म्हसावदच्या हायस्कुलात ते एकतीस वर्षं शिपाई होते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी वाचनालयाच्या कपाटाला वाळवी लागली आणि हेडमास्तरांनी पुस्तकं जाळायला सांगितली. आप्पांनी त्यातलं एक जाडजूड पुस्तक घरी नेलं आणि ओट्यावर बसून ब्लेडने उसवलं. पुस्तकात काय लिहिलंय याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. इतकी पानं एकमेकांना धरून राहतात कशी, हे त्यांना पाहायचं होतं. आत दोरा निघाला, दोऱ्याखाली जाळीदार कापड, कापडावर वाळलेली खळ. महिनाभराने त्यांनी ते पुस्तक परत शिवलं. सोळा पानांचा एक फॉर्मा मागेपुढे झाला आणि बत्तिसाव्या पानानंतर एकदम एकोणपन्नासावं आलं. ते पुस्तक अजून शाळेत आहे. तक्रार कुणी केली नाही, त्यावरून कुणी वाचलं नसावं असं आप्पा म्हणतात.

पुढे शाळेतल्या पोरांच्या चिकटवह्या त्यांच्याकडे येऊ लागल्या. पिंपळाचं पान, पपईचं पान, कापसाचं फूल, कोंबडीचं पीस असं सगळं पोरं वहीत चिकटवायची आणि वही मिटेनाशी व्हायची. पाठीकडे चपटी आणि तोंडाकडे आ वासलेली. आप्पांनी तोड काढली. वही शिवतानाच दर दोन पानांमध्ये, शिवणीच्या बाजूला, बोटभर रुंदीच्या जाड कागदाच्या पट्ट्या शिवून टाकायच्या. जितकं आत चिकटणार तितकी जागा पाठीकडे आधीच ठेवायची. पानं वाळवायची तर वर्तमानपत्रात दाबून, आणि वर्तमानपत्र रोज बदलायचं. नाहीतर पानाचं पाणी पानालाच काळं करतं.

खळीला गावात 'खय' म्हणतात. आप्पांची खय मैद्याची. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आच, आणि ढवळायचं थांबायचं नाही. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची आणि जुन्या मलमलीतून गाळायची. कसर लागू नये म्हणून वरून चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, त्यामुळे या एका चिमटीवरून घरात बरीच वर्षं भांडण चाललं.

"मन्ही कढई कोठे शे?"

"खय शिजी ऱ्हायनी तेन्हामा."

"मोरचूद टाकं का?"

"मांगे टाकेल व्हतं. तरी बी जिती शे ना तू?"

त्यानंतर छबूबाईंनी स्वतः शहाद्याला जाऊन ॲल्युमिनियमचं एक पातेलं आणलं आणि त्याच्या कानाला लाल रंग लावला. आता खय त्यातच शिजते.

आप्पा निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली. चिकटवही मात्र निवृत्त झाली नाही, तिचं नाव बदललं. शहाद्याच्या कॉलेजातल्या मुली मोबाईल घेऊन येतात आणि स्क्रॅपबुक हवं म्हणतात. मैत्रिणीचा वाढदिवस असतो, कुणाचा साखरपुडा असतो. आप्पा मोबाईलमधला व्हिडिओ चारचारदा बघतात. पान उघडलं की आतून कागदाचं घर उभं राहतं, ते कसं? पाचव्यांदा बघून ते मान डोलवतात. दोन चिरा आणि एक उलटी घडी, बस. मुलींना ते त्यांचीही एखादी गोष्ट देतात. मशीनमधून निघालेलं एसटीचं तिकीट तसंच चिकटवू नका, सहा महिन्यांत कोरं होतं. आधी झेरॉक्स काढा. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, अक्षर पुढच्या बाजूने चेहऱ्यावर उमटतं. घडी दाबायला नख वापरू नका. टूथब्रशची जुनी मूठ फरशीवर घासून गुळगुळीत करा आणि तिने दाबा. मुली ऐकतात, हसतात आणि चमकी लावतात.

गेल्या फेब्रुवारीत रक्षा आली. बाजारातल्या कापडदुकानवाल्या मांगीलाल शेठची ही सून, त्यांच्या मुलाची, अभिनंदनची बायको. माहेर संगमनेरचं, त्यामुळे बोलणं शाळेतल्या पुस्तकासारखं. तिच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. मांगीलाल शेठच्या आई अनोखीबाई पुढच्या महिन्यात पंचाहत्तरीच्या होणार होत्या. त्यांच्या सगळ्या आयुष्याची एक चिकटवही करून त्यांच्या हातात ठेवायची, असं रक्षाने ठरवलं होतं.

"दादीजी देवळात गेल्या होत्या तेव्हा त्यांच्या पेटीतून काढलाय डबा. त्यांना कळू द्यायचं नाही, आप्पा. यात एकदोन फाटलेली कार्डं पण आहेत. तेवढी नीट करून लावाल?"

"लावसू ना, बेटा," आप्पा म्हणाले.

डबा उघडला आणि त्यांचा दिवस कसा गेला ते त्यांना कळलं नाही. फोटो होते, मुलांच्या शाळेचे निकाल होते, साडीच्या खोक्यावरचं एक रंगीत चित्र होतं, राखीला आलेली पाकिटं होती. आणि एक पोस्टकार्ड होतं, पिवळं पडलेलं, निळ्या शाईने लिहिलेलं. लिपी मारवाडी व्यापाऱ्यांची जुनी, काना-मात्रा नसलेली. आप्पांना त्यातलं अक्षर कळेना. त्या कार्डाचा वरचा उजवा कोपरा नव्हता. तीन बोटं रुंद तुकडा गेला होता आणि जाताना पहिल्या दोन ओळींची शेवटं घेऊन गेला होता.

आप्पांनी भिंग लावलं. उंदीर नव्हे, उंदराच्या दातांची नक्षी वेगळी असते. हे हाताने फाडलेलं होतं. फाटीचे तंतू आधी लांब सुटले होते, मग मध्येच दिशा बदलली होती, जणू फाडणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळलं नव्हतं.

इथे त्यांच्या मनात एक गोष्ट येऊन गेली. पूर्वी पोस्टाने मरणाची बातमी येई तेव्हा कार्डाचा कोपरा फाडलेला असे. पोस्टमन असं कार्ड घेऊन आला की अंगणातूनच हाक मारायचा. कार्ड उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं, हात धुवायचे आणि मग घरात यायचं. गावात 'फाटेल कारड उनं', म्हणजे फाटलेलं कार्ड आलं, एवढं म्हटलं तरी बायका रडायला लागत. रक्षा हे शब्द अहिराणीत बोलली असती तर आप्पा दचकले असते. ती शुद्ध मराठीत 'फाटलेली कार्डं' म्हणाली, आणि आप्पांनीही शुद्ध मराठीतच ऐकलं. शिवाय त्या रीतीत कोपरा फाडायचा तो नखाएवढा, असा तीन बोटं रुंद नाही. आणि मुख्य म्हणजे तसलं कार्ड घरात राहतच नाही. मग रीतीला पक्क्या मारवाड्याच्या घरात, तेही पेटीत, कुठून राहणार? रीत नीट माहीत होती म्हणूनच आप्पा चुकले. माहीत नसती तर त्यांनी निदान कुणाला तरी विचारलं असतं.

ते कामाला लागले. उत्तरासाठी दुसरं कोरं कार्ड जोडून येई तशा एका जुन्या जोडकार्डाचा कोरा अर्धा भाग त्यांनी जपून ठेवला होता. तो चहाच्या पाण्यात बुडवून, वाळवून, परत बुडवून मूळ कार्डाच्या रंगावर आणला. ठिगळ कधी कात्रीने कापायचं नाही, फाडायचं. कापलेली कड डोळ्यात भरते, फाडलेल्या कडेचे तंतू शेजारच्या तंतूंत मिसळतात. दोन्ही कडा त्यांनी सगळ्यात बारीक पॉलिश कागदाने अगदी हलकेच घासून पातळ केल्या, म्हणजे एकावर एक आल्यावर उंचवटा राहू नये. बोटाच्या टोकाने खय लावली आणि वर पाटा ठेवला, दोन दिवस. गेलेली अक्षरं त्यांनी काढली नाहीत. माहीतच नव्हती. जोडलेला तुकडा कोराच राहिला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटून सांध्यावरून अंगठा फिरवला. काही लागलं नाही. ते कार्ड घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"दख, कोठे फाटेल व्हतं, सांग."

"माले काय इचारतस? मन्हा चष्मा तं तुमना खयमा पडना," छबूबाई म्हणाल्या. मग ओल्या हाताने कार्ड न धरता वाकून बघितलं. "कोठेच नही," त्या म्हणाल्या. हे त्यांनी कबूल करणं मोठी गोष्ट होती.

त्याच दुपारी अनोखीबाई आल्या. एकट्या, पायी, बाजारापासून इथवर उन्हातून. साठ वर्षांपूर्वी मारवाडातून या गावात आलेली ही बाई आता घराबाहेर गावचीच अहिराणी बोलते. त्या ओट्यापाशी थांबल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"दोधू भाऊ, मन्हा डबा."

त्यांनी पेटी उघडली होती, डबा नव्हता, आणि रक्षाच्या चेहऱ्यावरून बाकीचं कळलं होतं. आप्पांनी कागदांच्या गड्ड्या पुढे ठेवल्या. बाईंनी फोटोंकडे बघितलंही नाही. भराभर खाली जात त्यांनी ते कार्ड ओढून काढलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"हाई मन्हं नही."

"तुमनंच शे, माय. कोपरा जोडेल शे मी." आप्पांच्या आवाजात अजून कौतुकाची वाट बघणं होतं.

बाई हळूच खाली बसल्या. कोऱ्या कोपऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. "जोडानं तुमले कोनी सांगं?" त्या म्हणाल्या. "मन्हा बापूजीना हात पुसी टाका तुम्ही."

मग तुकड्या-तुकड्यांनी त्यांनी सांगितलं. लग्नानंतर पाचव्या वर्षी त्यांची आई गेली. बापूजींना मोतीबिंदू होता, दिसत नव्हतं. पत्र शेजारच्या मुनिमाने लिहिलं. पण कोपरा मी फाडणार, म्हणून बापूजी अडून बसले. कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांना अंदाज आला नाही आणि अक्षरांसकट भलामोठा तुकडा निघून आला. अनोखीबाईंचा भाऊ म्हणाला, दुसरं कार्ड लिहू. बापूजी म्हणाले, हेच पाठव. हे सगळं भावाने नंतर भेटल्यावर सांगितलं. कार्ड आलं तेव्हा इथे सासऱ्यांनी ते उंबऱ्याबाहेर वाचलं आणि न फाडताच नालीकडे भिरकावलं. नाली कोरडी होती. अनोखीबाईंना तेव्हा सातवा महिना होता, माहेरी जायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी पाणी फेकायच्या निमित्ताने त्या बाहेर गेल्या आणि कार्ड पदरात घालून आत आणलं. घरात कुणाला, अगदी नवऱ्यालाही, कधी कळू दिलं नाही. वर्षभरात बापूजीही गेले.

"लिखेल तं मुनीमनं शे," त्या म्हणाल्या. "बापूजीनं काय शे तेन्हामा? फाडेल तेवढंच."

छबूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आप्पा आपल्या अंगठ्याकडे बघत होते.

"परत फाडी देस मी," ते म्हणाले.

"नही!" बाईंनी कार्ड छातीशी घेतलं. "तुम्ही फाडशात, ते तुमनं व्हई."

बरोबर होतं. फाडायचं नव्हतं, जोडलेलं सोडवायचं होतं. खय पाण्याने सुटते, एवढी एक गोष्ट आप्पांच्या बाजूने होती. बाजारचा गोंद वापरला असता तर सगळं संपलं होतं. पण पहिल्या दोन ओळींची शाई सांध्याला भिडलेली होती आणि शाईसुद्धा पाण्याने सुटते.

"दोन दिन द्या," आप्पा म्हणाले.

"मी आठेच बठस," अनोखीबाई म्हणाल्या आणि तिथेच ओट्याच्या खांबाला टेकल्या.

आप्पांनी अक्षरांवर टीपकागद ठेवला आणि वर काचेचा तुकडा. जुन्या धोतराची एक बारीक पट्टी ओली केली, घट्ट पिळली, इतकी की बोटाला फक्त गारवा लागावा. ती सांध्याच्या मागच्या बाजूला, रेषेवर ठेवली आणि थांबले. या कामात हात जितका कमी चालेल तितकं बरं. पाव तासाने पट्टी काढली, कागद कोरडा होऊ दिला, परत ठेवली. मध्ये छबूबाईंनी चहा आणला. कुणी घेतला नाही, मग छबूबाईंनीच तिन्ही कप आत नेले. दुसऱ्यांदा पट्टी काढली तेव्हा पहिल्या ओळीतल्या एका अक्षराचं शेपूट निळसर पसरलेलं दिसलं. आप्पांनी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "अक्षर जाऊ द्या. फाटेल सांभाया."

तिसऱ्या वेळी ठिगळाची कड किंचित उचलली. आप्पांनी ओढलं नाही. टूथब्रशच्या मुठीचं पातळ टोक आत सरकवत ते तंतूंच्या दिशेने, उभ्या धारेने, अर्धा तास पुढे जात राहिले. कोरा तुकडा सुटून त्यांच्या मांडीवर पडला. कार्ड पुन्हा फाटकं झालं.

त्यांनी ते लगेच दिलं नाही. भिंगातून कड पाहिली. दोन्ही टोकांना जुने लांब तंतू होते तसेच होते. मधे मात्र, जिथे फाट वळली होती तिथे, जवाच्या दाण्याएवढी जागा गुळगुळीत होती. तिथे त्यांनी जास्त घासलं होतं, कारण तिथे उंचवटा जास्त होता. हे सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं? त्यांनी कार्ड बाईंपुढे धरलं आणि ती जागा दाखवली.

"माय, मी घासेल शे," ते म्हणाले. "मझार इतलुसं. ते परत येनार नही."

अनोखीबाईंनी कार्ड घेतलं, डोळे मिटले आणि अंगठा वरच्या टोकाला ठेवून खाली आणू लागल्या. आप्पा जसे आपलं काम तपासतात तसंच, पण उलट, खडबडीत कुठे लागतं ते शोधत. अंगठा थांबला. "आठे लगून बापूजी." अंगठा जरा सरकला. "हाई तुम्ही." परत सरकला, शेवटपर्यंत गेला. "मंग परत बापूजी."

त्यांनी डोळे उघडले. "चाली," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात रक्षा स्कूटीवरून आली, घाबरलेली, दादीजींना शोधत. ओट्यावरच्या तिघांकडे आणि मग कार्डाकडे तिने पाहिलं. तो कोपरा कशाचा, हे तिला छबूबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. रक्षाचा हात तोंडावर गेला.

"दादीजी, असं कार्ड… घरात? आणि मी ते वाढदिवसाच्या वहीत लावायला दिलं!"

"पंचावन साल घरमाच शे," अनोखीबाई म्हणाल्या. "काय व्हयनं? मांगीलाल व्हयना, दुकान व्हयनी, तू उनी. तू अशुभ शे का वं?"

रक्षा हसली आणि तिचे डोळे भरून आले. अनोखीबाईंनी कार्ड आप्पांपुढे केलं. "लावा वहीमा. पन चिटकाडू नका."

चिकटवायचं नसेल तेव्हा आप्पा कोन करतात. जाड कागदाची नखाएवढी त्रिकोणी टोपी घडी घालून बनवायची, खय फक्त टोपीच्या पाठीला, आणि तिच्यात फोटोचा कोपरा खोचायचा. अशा चार टोप्यांत फोटो नीट बसतो, हवं तेव्हा निघतो, आणि त्याच्या अंगाला खयीचा थेंब लागत नाही. या कार्डासाठी त्यांनी तीन टोप्या केल्या. फाटीची बाजू मोकळी राहिली. अनोखीबाईंनी कार्ड दोनदा काढून, परत खोचून बघितलं.

"यात लिहिलंय काय पण?" रक्षाने विचारलं.

"सासराजी बोलनात, तुन्ही माय गयी. इतलंच." अनोखीबाईंनी कार्डावरच्या ओळी बोटाने मोजल्या. "पन ओयी नऊ शेत."

त्या स्वतः वाचायला कधी शिकल्या नाहीत, आणि लपवलेलं कार्ड कुणाकडून वाचून घेणार? बाकीच्या आठ ओळी पंचावन्न वर्षं न वाचता तशाच होत्या. रक्षाच्या माहेरी, संगमनेरला, जुन्या पेढीवरचे एक मुनीमजी होते. वय नव्वदच्या पुढे, पण ही अक्षरं त्यांना येत होती. तिने मोबाईल काढला, कार्डावर वाकली, मग थांबली.

"पाठवू, दादीजी?"

अनोखीबाईंनी कार्ड तिच्यापुढे सरळ केलं. "पाठाड. पहिले तू आयक. मंग माले सांग. सगयं सांग."

रक्षाने फोटो काढला. आप्पा खयीचं पातेलं झाकता झाकता म्हणाले, "माले बी सांगजो, बेटा."

"तुमले कसाले?" अनोखीबाईंनी विचारलं.

आप्पा पातेल्याचं झाकण परत नीट बसवू लागले. छबूबाईच बोलल्या, "सांगी द्या तेसले बी, माय. नही तं तेसना घास गयाखाल उतरनार नही."